चढाखालची दहा मिनिटं

दादा, गाडी आता ओढते.

परवा मागे वाळूची पोती टाकली, तू स्टीलची पातेली आणि डबे भरून न्यायचास साधारण तेवढ्या वजनाची, आणि घोडबंदरचा चढ एका दमात काढला. कुठे अडखळली नाही, कुठे मंदावली नाही. वर पोचल्यावर मी शेजारच्या सीटकडे बघून "बघ!" म्हणालो. सीटवर तुझा पंचा पडला होता, घाम पुसायचास तो. चार महिने आपण ज्यावरून भांडलो ते भांडण मिटलं, आणि मिटल्याचं ऐकायला तू नाहीस. मला इतका राग आला की गाडी कडेला घेऊन मी स्टेअरिंगवर दोन्ही हात आपटले. हॉर्न वाजला. तुझाच तो भसाडा हॉर्न. मागचा रिक्षावाला शिव्या घालत पुढे गेला.

तेराव्याला लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. भाईंदरचा शेठ आला होता, "ऐसा ड्रायव्हर नहीं मिलेगा, भांडी पे एक खरोच नहीं आता था" म्हणाला. गावचे काका बोलले, चाळीतले बोलले. मला पण बोल म्हणाले. मी मान हलवली आणि पाण्याचे ग्लास उचलायला लागलो. मला तुझ्याबद्दल बोलायचं नव्हतं, तुझ्याशी बोलायचं होतं. आता दीड महिना झाला तरी ते राहूनच गेलंय. म्हणून वही घेऊन बसलोय, हसू नकोस.

तुझा माझ्या धंद्यावर कधी विश्वास होता की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला आयटीआयला घातलंस तू, पहिला पान्यांचा सेट घेऊन दिलास तू, काशीमीऱ्याला हायवेच्या कडेला पत्र्याचं गॅरेज टाकलं तेव्हा नारळ फोडलास तू. आई गेल्यावर मी पेणकरपाड्याच्या तुझ्या खोलीत वाढलो, वहिनींच्या हातचं जेवून. लग्न झालं तेव्हा पलीकडच्याच चाळीत राहायला गेलो, तेही तुला नजरेसमोर हवा होतो म्हणून. आणि एवढं करून, तुझी स्वतःची गाडी माझ्याकडे आली की तू बॉनेटजवळ कमरेवर हात ठेवून उभा राहायचास आणि मी पाना उचलला की विचारायचास, "नक्की ना रे बाळू?" गिऱ्हाइकांसमोर. माझे कान तापायचे.

गाडी जुनी होती हे दोघांनाही मान्य होतं. तेवढ्यावरच आपलं एकमत. पावसाळा संपता संपता ती पहिल्यांदा हायवेवर बंद पडली, तेव्हा काही मोठं नव्हतं. डिझेलचा फिल्टर चोंदला होता. मी बदलला, तू मला घरी जेवायला नेलंस, विषय संपला. मग आठवड्याभराने तू आलास आणि म्हणालास, "गाडी थकते."

"थकते म्हणजे?"

"म्हणजे निघताना चांगली निघते. अर्धा तास चालली, माल असला, चढ लागला, की हळूहळू जीव जातो तिचा. अॅक्सिलेटर पार खाली दाबला तरी सरकत नाही. मग दहा मिनिटं बंद करून ठेवली की परत ताजी. जशी काही झोप काढून उठलीय."

मी हसलो. खरंच हसू आलं मला. इंजिनाचं दुखणं तू असं सांगायचास, जणू एखाद्या वैद्याकडे आजीला घेऊन आलायस. मी म्हणालो, "दादा, इंजिन थकत नसतं. लोखंड आहे ते. एक तर त्याला हवा कमी मिळते, नाही तर डिझेल कमी मिळतं, नाही तर आतून झिजलंय. चौथं काही नसतं." तू मान डोलावलीस आणि म्हणालास, "असेल. पण थांबलं की बरी होते, ते लक्षात घे."

ते मी लक्षात घेतलं नाही. तुला आता लपवून काय उपयोग.

एअर फिल्टर काढला, झटकला, नवा बसवला. सायलेन्सर कुठे तुंबलाय का बघितलं. टॅपेट जुळवले. नोझल काढून तपासून आणले, फवारा छान पडत होता. मग पंप उतरवला आणि कॅलिब्रेट करायला पाठवला, त्यात तुझे चार दिवस गेले आणि शेठने चार दिवस दुसरी गाडी लावली. कॉम्प्रेशन बघितलं, या वयाच्या गाडीला शोभेल त्याहून बरं होतं. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी वागायची. हायवेवर फाउंटन हॉटेलपर्यंत एक चक्कर मारून आणायचो, रिकामी, आणि तुझ्या हातात चावी देऊन म्हणायचो, "घे, झाली." दोन दिवसांनी तू परत यायचास. तक्रार करायचा नाहीस. नुसता येऊन स्टुलावर बसायचास आणि मी विचारेपर्यंत गप्प.

एकदा तू म्हणालास, "काळा धूर येत नाही रे. जीव जातो तेव्हा धूरच नसतो." ड्रायव्हर माणसाने मला धुराचं शिकवावं याचा मला राग आला. पण बरोबर होतास. इंजिन डिझेल पिऊन नीट जाळत नसेल तर धूर टाकतं. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. पहिल्या वर्षाच्या पोराला विचारलं तरी सांगेल. मी पंप बघितला, नोझल बघितले, फिल्टर बघितले, आणि या सगळ्याच्या मागे जी टाकी असते तिच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. टाकीत काय बिघडणार, असं मनात होतं. टाकी म्हणजे पत्र्याचा डबा.

"एकदा माझ्याबरोबर चढावर चल," तू म्हणायचास. "माल भरलेला असताना. तुझ्या डोळ्यांनी बघ."

"रविवारी येतो."

किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. मला वाटायचं, चढावर बसून मला काय दिसणार आहे, जे गॅरेजमध्ये दिसत नाही? खरं सांगायचं तर तुझ्या शेजारी बसून, तुझं बरोबर आणि माझं चूक असं ठरायला मला नको होतं. तुझा धाकटा भाऊ म्हणून आयुष्यभर मी तुझं ऐकत आलो होतो. हे एकच गॅरेज असं होतं, जिथे तू माझं ऐकायचास.

आणि त्या दिवशी ऐकलंस.

दुपारची वेळ होती. मी एका ट्रकचा गिअरबॉक्स उघडून बसलो होतो, ट्रान्सपोर्टवाला डोक्यावर उभा. फोन वाजला तर मी हाताला ग्रीस म्हणून कोपराने स्पीकर चालू केला. आजूबाजूला तिघं-चौघं होते.

"बाळू, चढाखाली आहे. परत थकली बघ."

"मग?"

"थांबू का थोडा? दहा मिनिटं थांबलो की बरी होते. पण शेठचा माल आहे, ठाण्याला वाट बघतायत."

सगळ्यांना ऐकू जाईल असा मी हसलो. "दादा, गाडी आहे ती, म्हातारी नाही पायरीवर बसून दम खायला. थांबून काही होत नसतं. पहिल्या गिअरला टाक आणि तसाच काढ वर."

तूही हसलास. मला अजून ते हसू ऐकू येतं. अर्धवट, ओशाळलेलं. आणि म्हणालास, "बरं. तू म्हणतोस तर."

बस. एवढंच. अर्ध्या चढावर, वळणाच्या अलीकडे, गाडी बसली. तू हँडब्रेक ओढलास आणि मागच्या चाकाला दगड लावायला उतरलास. मागून ट्रेलर आला. गाडीचा नुसता मागचा दरवाजा चेपला, दादा. भांड्यांच्या पेट्यांनासुद्धा फारसं काही झालं नाही.

गाडी पोलीस ठाण्यातून सुटून आली ती माझ्या गॅरेजमध्येच. आणखी कुठे नेणार होतो? पंधरा दिवस मी तिला हात लावला नाही. गिऱ्हाइकाच्या गाडीखाली आडवा झालो की पायांकडे ती दिसायची. दिवसाढवळ्या, हायवेचा एवढा गोंगाट चालू असताना, मला मागून आवाज यायचा, "नक्की ना रे बाळू?" मी वळायचो. एकदा एका पंजाबी ड्रायव्हरने विचारलं, "किसको ढूंढ रहे हो, भाई?" मी म्हणालो, किसी को नहीं. पण हातातला पाना खाली ठेवला आणि उरलेला दिवस काही केलं नाही. तुझ्या सीटचा खळगा तसाच आहे. मी त्या सीटवर बसत नव्हतो. कोणालाही बसू देत नव्हतो.

नातेवाइकांनी विचारायचं ते विचारलं. "तू मेकॅनिक ना रे? घरच्या गाडीचं तुला कळलं नाही?" असं म्हणून मग पाठीवर हात ठेवायचे. वहिनींनी मात्र एक अक्षर विचारलं नाही. त्यांनी जेवण सोडलं. म्हणजे ताट घेऊन बसायच्या, चार घास चिवडायच्या आणि उठायच्या. माझी सुनंदा रोज डबा घेऊन जायची आणि तसाच परत आणायची. "ताई खिडकीत बसून असतात," ती सांगायची, "हाक मारली तरी बघत नाहीत. अंगात काही राहिलं नाही हो त्यांच्या. अशाने त्या पण जातील." मला वाटायचं, त्या माझ्यामुळे गप्प आहेत. माझ्यावरचा राग आहे, तोंडाने बोलत नाहीत इतकंच. त्या फोनचं त्यांना माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. गॅरेजमधल्या त्या तिघा-चौघांनीही मनाशी जोडलं असेल, तर कधी बोलले नाहीत.

शेवटी एका रविवारी गाडी काढली. रविवारच काढला, बघ. तुझ्या सीटवर तुझा पंचा घडी करून ठेवला आणि त्याच्यावर बसलो, तसंच बसवत नव्हतं. मागे वाळूची पोती. तू सांगायचास तसंच सगळं. वर्सोवा नाक्यावरून उजवीकडे वळलो, अर्धा तास चालवली आणि चढाच्या अलीकडे, अगदी तुझ्या शब्दांत, तिचा जीव जायला लागला. अॅक्सिलेटर जमिनीला टेकला आणि गाडी माणसाच्या चालीने चालायला लागली. आरशात बघितलं. धूर नाही.

चढाखाली टपरी आहे, तिथे लावली. चहावाल्याने गाडी ओळखली. माझ्याकडे बघितलं, मग नंबराकडे बघितलं.

"आप उनके भाई हो?"

मी हो म्हणालो.

"रोज रुकते थे यहाँ. गाडी बंद करते, चाय पीते, दस मिनट. बोलते थे, गाडी को भी पीने दो थोडा." तो ग्लास विसळत होता. "उस दिन फोन पे बात किया और आधी चाय छोड के निकल गये. मैं बोला, काका, रुको ना. बोले, नहीं, भाई बोल रहा है."

दादा, भाई बोल रहा है. मी तिथे बाकड्यावर बसलो. त्याने मला न विचारता चहा दिला. तो मी पूर्ण प्यायलो, कारण दुसरं काय करू शकत होतो? घड्याळ बघितलं नाही, पण दहा मिनिटं झाली असतील. गाडी चालू केली. एका झटक्यात चढ चढून गेली.

वर पोचेपर्यंत मला कळलं होतं. बंद केल्यावर बरी होते म्हणजे ओढ थांबली की काहीतरी सुटतं. गॅरेजमध्ये आल्यावर टाकीचा पाइप काढला, बाजूला डिझेलचा कॅन लटकवला आणि त्याच्यावर इंजिन चालवलं. परत घोडबंदरला, परत चढ, दोनदा, तीनदा. एकदाही थकली नाही. म्हणजे इंजिन चांगलं, पंप चांगला, सगळं चांगलं. दुखणं टाकीत. हे कॅनवर चालवून बघणं मी दुसऱ्यांच्या गाड्यांवर शंभर वेळा केलंय. अर्ध्या तासाचं काम.

टाकी उतरवली. उरलेलं डिझेल बादलीत ओतलं आणि आत हात घातला. बोटांना प्लास्टिक लागलं.

दुधाच्या पिशवीचा तुकडा होता. त्याची पुडी बांधलेली, लाल नाड्याने, तीन वेढे आणि वर गाठ. नाडा सैल झाला होता आणि पिशवीचं एक टोक उघडून पापुद्र्यासारखं हलत होतं. तेच जाऊन पाइपाच्या तोंडाशी चिकटायचं. गाडी जितकी जोर लावायची तितकं घट्ट चिकटायचं. बंद केली की सुटून खाली पडायचं. आत काळपट चिखल होता. अंगारा. गावच्या देवीचा, शिमग्याला पालखी येते तेव्हा आणून वहिनी देव्हाऱ्यात ठेवतात तो. अशा गाठी जगात एकच बाई मारते, आणि तिच्या हातच्या पुड्या मी लहानपणापासून खिशात वागवल्यात.

तुला खरं सांगतो, दादा, पहिल्यांदा मला आनंद झाला. लाज वाटते लिहिताना. पण झाला. माझी चूक नव्हती! पंप नाही, नोझल नाही, माझ्या हातचं काही नाही. मग राग आला. एवढी शहाणी बाई, डिझेलच्या टाकीत पुडी टाकते? मी ती एका कपड्यात गुंडाळली आणि हातसुद्धा न धुता पेणकरपाड्याकडे चालत निघालो. वहिनींच्या समोर ठेवणार होतो. काका, मामा, सगळ्यांना फोन करून सांगणार होतो.

अर्ध्या वाटेवर आठवलं.

तो फिल्टर बदलला त्या दिवशीचं जेवण. वहिनी घाबरल्या होत्या, गाडी भर हायवेवर बंद पडली म्हणून. जेवण झाल्यावर त्या खाली येऊन गाडीच्या काचेला अंगारा लावत होत्या आणि मी बडीशेप चघळत त्यांची चेष्टा करत होतो. म्हणालो, "वहिनी, कपाळाला लावून काय होणार? पोरांना ताप आला की पाण्यातून चिमूटभर पाजता ना? मग हिलाही पाजा, मला तेवढीच सुट्टी." तू हसलास. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "डिझेलात चालतो का?" आणि मी, मोठा मेकॅनिक, म्हणालो, "छे! धुळीचा कण गेला तरी पंपाची वाट लागते. पुडीसकट गिळायला दिलात तरच चालेल." आणि आपण दोघेही पोट धरून हसलो.

त्या विसरल्या नाहीत. पंपाला धूळ लागू नये म्हणून त्यांनी अंगारा नीट प्लास्टिकमध्ये बांधला, नाडा आवळला आणि पुडीसकट टाकीत सोडला. माझं सांगणं अक्षरशः पाळलं. तोंडाशी जाळी असती तर पुडी तिथेच अडकली असती, पण तीही मीच काढून टाकली होती, डिझेल भरताना फेस येतो म्हणून तू वैतागायचास ना. कुठूनही सुरुवात केली तरी मी माझ्यापाशीच येऊन पोचत होतो. मी तिथूनच मागे वळलो. अंगारा कचऱ्यात कसा टाकणार, म्हणून दुसऱ्या दिवशी घोडबंदरच्या खाडीत सोडला. प्लास्टिक गॅरेजमध्ये जाळलं. टाकी धुतली, वाळवली, बसवली, नवी जाळी घातली.

आणि काल दुपारी वहिनींकडे गेलो, चावी द्यायला. गाडी ठेवायची की विकायची, ते त्यांनी ठरवायचं. त्या खिडकीत बसल्या होत्या. डबा शेजारी, झाकण न काढलेला. मनगटं इतकी बारीक झालीत, दादा, की बघवलं नाही.

"टाकी उतरवलीत म्हणे," त्या बाहेर बघतच म्हणाल्या.

"हो."

"काय होतं?"

"गाळ. जुन्या गाड्यांना असतो."

"नुसता गाळ?" त्यांचा आवाज इतका हळू होता की मला पुढे वाकावं लागलं. "आणखी काही नव्हतं? पुडीबिडी?"

तेव्हा मला समजलं, त्या माझ्यामुळे गप्प नव्हत्या. दीड महिना त्या एकाच प्रश्नापाशी बसून होत्या, आणि उत्तर माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं म्हणून विचारत नव्हत्या.

"नाही," मी म्हणालो.

"नीट बघितलंत भावजी? मी टाकली होती. देवीची. हे गाडीत नसताना, सकाळी."

"मी हात घालून बघितलंय, वहिनी. काही नव्हतं. कधीच गळून गेली असेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. विश्वास बसला नव्हता. लहानपणी शाळेतून लवकर पळून आलो की त्या अशाच बघायच्या, आणि मला खोटं धड बोलता येत नाही हे त्यांना तेव्हापासून ठाऊक आहे. मला दिसत होतं, मी नुसतं नाही नाही म्हणत बसलो तर ही बाई खिडकीतच संपणार. त्यांना दुसरं काहीतरी खरं द्यायला हवं होतं, त्या पुडीपेक्षा जड. आणि ते माझ्याकडे होतं.

मी फोनचं सांगितलं. सगळं, शब्दन् शब्द. तू थांबू का म्हणून विचारलंस ते. मी लोकांसमोर हसलो ते. म्हातारी, पायरी, दम खाणं, ते. चहावाला काय म्हणाला तेही.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "थांबू का म्हणून विचारलं ह्यांनी?"

"हो."

"दहा मिनिटं?"

"हो."

"आणि तुम्ही हसलात."

"हो, वहिनी."

त्या उठल्या. एवढ्या दिवसांत मी त्यांना अशा ताडकन उठताना बघितलं नव्हतं. डबा उचलून माझ्या हातात दिला, हातात म्हणजे छातीवर ढकललाच. "सुनंदाला सांगा, उद्यापासून पाठवू नकोस म्हणावं. तुमच्या घरचं अन्न मला नको. माझ्या दारात येऊ नका, भावजी." आणि दार लावलं. मला पोटच्या पोरासारखं वाढवलेल्या बाईने माझ्या तोंडावर दार लावलं, आणि मी जिन्यात डबा धरून उभा होतो, आणि मला कुठेतरी हलकं वाटत होतं. सुनंदाला मी खरं ते सांगितलं, पुडीचं सोडून. ती पण रात्रीपासून माझ्याशी नीट बोललेली नाही.

पुडीचं फक्त तुला ठाऊक आहे. तुझ्यापाशी राहू दे. मी ते या वहीतही ठेवणार नाही, पानं फाडून टाकीन. फोनबद्दल माफी मागायची होती, पण तू "बरं, राहू दे रे" म्हणशील आणि ते मला नकोय. तू एकदा तरी रागावायला हवं होतंस. चार महिन्यांत एकदा माझी कॉलर धरून मला चढावर न्यायला हवं होतंस. माझं ऐकायला नको होतंस, दादा. मोठा होतास ना तू?

आज सकाळी गॅरेजला निघालो तर चाळीच्या नळावर आरडाओरडा चालू होता. पाणी दोन दिवसांनी आलेलं आणि कोणीतरी मध्येच हंडा घुसवला होता. बाकीच्या बायका गप्प आणि एकटीचाच आवाज चढलेला. "माझा नंबर आहे! माणूस गेला म्हणून माझा नंबर पण गेला काय? उचल तो हंडा, उचल म्हणते ना!" वहिनी होत्या. पदर खोचून, हंड्याला लाथ मारायच्या बेतात. मी कोपऱ्याआड उभा राहून शेवटपर्यंत ऐकलं. त्यांनी दोन हंडे भरले, एक डोक्यावर, एक कमरेवर घेतला आणि कोणाचा हात न लागता जिना चढून गेल्या.